भिंतीकडचा डोळा

ताना सरोवराकाठच्या त्या गोल चर्चमध्ये
मी रंग खलायचो, तेव्हा तेरा वर्षांचा होतो.
गुरुजी येट्बारेक बोलायचे कमी, खोकायचे जास्त.
पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला:
भल्या माणसाला दोन डोळे, समोरून.
दुष्टाला एक. बाजूने.
का, म्हणून विचारलं तर म्हणाले,
"जो तुझ्याकडे पुरतं बघत नाही
त्याच्याकडे तूही पुरतं बघू नकोस.
झालं समाधान? निळा खल."

निळा महाग. तो फक्त मरियमच्या झग्याला.
त्यासाठी गावाने अकरा मेंढ्या विकल्या होत्या
आणि कुणी कुणी बोललंच होतं,
एवढ्यात विहिरीवर पंप बसला असता.
पाद्री लिसानेवर्क म्हणाले, तहान दोन तऱ्हेची असते.
त्यांच्या परसात विहीर होती, हेही खरं.

चाबूक उगारलेल्या शिपायापाशी गुरुजी अडले.
तीन दिवस तोंड कोरं.
चौथ्या दिवशी एका दमात नाक काढलं,
चोचीसारखं, मधे मोडलेलं,
आणि माझ्या हातून वाटी सांडली.
नाक साऱ्या गावाच्या ओळखीचं होतं.

दम्तेव.
त्या वाईट वर्षांत ज्याच्या वहीतल्या एका रेघेने
अस्नाकेचचा मुलगा ट्रकमध्ये चढला
आणि कुठे उतरला ते कुणी सांगितलं नाही.
दम्तेव आता म्हातारा. मधमाश्या पाळतो.
दर सणाला चर्चला मेण देतो.
मेणबत्त्या त्याच्या.
म्हणजे भिंतीवरच्या त्याच्या तोंडावर पडणारा
उजेडही त्याचाच.

रविवारी तो आला. थबकला.
गावाने तीस वर्षं केलेला काणाडोळा
ओल्या रंगात समोर उभा.
त्याने फक्त स्वतःच्या नाकाला हात लावला,
माशी हाकलावी तसा,
आणि प्रार्थना संपेपर्यंत मान वर केली नाही.

"पुसा," पाद्री म्हणाले.
"तो माझ्यापाशी रडलाय. देवाने माफ केलंय."
"केलं असेल. रंग वाळलाय."
"चित्र काय शिक्षा द्यायला असतं?"
"आणि देऊळ काय विसरायला?"
रात्र झाली तरी दोघं भांडत होते.
एक म्हणायचा, झालं ते झालं.
दुसराही म्हणायचा, झालं ते झालं.
शब्द तेच. जोर वेगळ्या जागी.
कोण बरोबर, मला तेव्हा कळलं नाही.
आता माझ्या हाताखाली पोरं रंग खलतात,
तरी कळलेलं नाही.

शेवटी अस्नाकेचला बोलावलं.
ती चपला बाहेर काढून आली,
मोतीबिंदूचे डोळे भिंतीला टेकवत,
बोटाने नाक शोधलं. सापडलं.
बराच वेळ बोट तिथेच.
"याचा दुसरा डोळा?"
"नाहीये, आई. नियम आहे."
"नाहीये कसा? नाकाच्या पलीकडे असेलच की.
बाजूने बघितलं म्हणून कुणी एकडोळ्या होतो?"
मग विचारलं, "या भिंतीमागे काय?"
आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.
पडदे, अंधार, पवित्र पेटी,
जिथे पाद्रींखेरीज कुणाचं पाऊल पडत नाही.
माझ्यासारख्याचं नाही, गुरुजींचंही नाही.

"मग तो डोळा तिकडे बघतोय," ती म्हणाली.
"मला तर तिकडे जाता येत नाही.
बघू दे त्याला.
विचारू दे, माझा पोरगा तिथे दिसतो का.
एवढंच करा, त्या डोळ्याला पापणी नका रंगवू."

न काढलेल्या डोळ्याला
न काढायची पापणी.
गुरुजींनी मान हलवली, जणू रोजचंच काम,
आणि ब्रश धुवायला दिला.
पाद्री काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन
त्यांनी तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

दम्तेव मेण आणत राहिला.
त्या वर्षी थोडं जास्तच.
वजन मीच केलं होतं.